हिरे संपल्यावर यलोनाइफचं काय?

'तिकडच्या हिऱ्याच्या खाणी बंद होतायत म्हणे. मग तुम्ही आता परत येणार, की टोरांटोला जाणार?' गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला नागपूरहून, पुण्याहून आणि एकदा तर दुबईहूनही विचारला गेला. विचारणाऱ्यांची काळजी खरी असते. मोबाइलवर बातमी दिसते, त्यात यलोनाइफचं नाव असतं आणि ते नाव आपल्या माणसांनी फक्त आमच्यामुळेच ऐकलेलं असतं. फोनवर मी 'बघू' म्हणतो, कारण उत्तर पाच मिनिटांचं नाही. म्हणून हे सविस्तर.

यलोनाइफ हे कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजचं राजधानीचं गाव. टेरिटरी म्हणजे आपल्याकडच्या केंद्रशासित प्रदेशाच्या जवळ जाणारा प्रकार. स्वतःचं विधिमंडळ आहे, मंत्री आहेत, पण तिजोरीतला मोठा हिस्सा ओटावाहून येतो. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त. लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेप्रमाणे ४१ हजार, म्हणजे अख्खा प्रदेश नेला तरी नवी मुंबईतलं डी. वाय. पाटील स्टेडियम पुरतं भरणार नाही. त्यातले निम्मे लोक एकट्या यलोनाइफमध्ये राहतात. सरकारी नोकऱ्या सोडल्या तर या सगळ्याचा डोलारा गेली पंचवीस-सत्तावीस वर्षं हिऱ्यांवर उभा आहे. मी स्वतः खाणींना सामान पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे हिशेब पाहतो, त्यामुळे हा डोलारा किती खांबांवर आहे ते रोज कागदावर दिसतं.

आधी नेमकं काय होतंय ते सांगतो, कारण 'खाणी बंद' या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. डायाविक ही खाण २००३ मध्ये सुरू झाली. तिचा हिरा संपत आला आणि २०२६ च्या सुरुवातीला उत्पादन थांबवायचं हे कंपनीने खूप आधीच जाहीर केलं होतं. ते ठरलेलं निवृत्तीचं वय. एकाटी ही सगळ्यात जुनी, १९९८ ची. तिची गोष्ट वेगळी. २०२० मध्ये तिच्या तेव्हाच्या मालक कंपनीने धनकोंपासून संरक्षण मागितलं, मग मालक बदलले, २०२३ मध्ये ती एका ऑस्ट्रेलियन कंपनीकडे गेली आणि २०२५ मध्ये भाव पडल्यामुळे तिथलं खुल्या खाणीतलं काम थांबवून माणसं कमी करण्यात आली. ही निवृत्ती नव्हे, हे आजारपण. तिसरी गाचो कुए, २०१६ ची. ती अजून चालू आहे, पण तिलाही काही कायमचं आयुष्य नाही. चौथी स्नॅप लेक तर २०१५ मध्येच बंद पडली, सुरू होऊन जेमतेम सात वर्षांत.

आता माझं म्हणणं. खाण एक ना एक दिवस संपतेच, त्यात कुणाचा दोष नाही. पण खाण चालू असताना, पैसा येत असताना पुढची सोय करायची असते. इथे ती पुरेशी झाली नाही. आणि आता जी धावपळ चालू आहे त्यात 'अर्थव्यवस्थेचं वैविध्य' या नावाखाली बहुतेक वेळा दुसरी खाणच शोधली जाते. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच, त्यातही विहीर पुन्हा त्याच कोरड्या जागी.

या प्रदेशाला हा धडा पहिल्यांदा मिळतोय असंही नाही. ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या दक्षिणेला पाइन पॉइंट नावाचं गाव होतं. १९६० च्या दशकात शिसं आणि जस्ताच्या खाणीसाठी ते वसवलं. त्यासाठी रेल्वे आणली, शाळा बांधली, हॉकीचं मैदान बांधलं. जवळपास दोन हजार लोक राहायचे. १९८७-८८ मध्ये खाण आणि कारखाना बंद झाला आणि गावही बंद झालं. बंद म्हणजे अक्षरशः. घरं विकली, ट्रकवर चढवून दुसरीकडे नेली, उरलेली पाडली. आज तिथे रस्त्यांच्या खुणा तेवढ्या आहेत. आपल्याकडे धरणात गावं गेलेली आपण पाहिली आहेत, पण तिथे निदान पाणी तरी दिसतं.

यलोनाइफचं स्वतःचं पहिलं आयुष्य सोन्याचं. कॉन ही खाण १९३८ ला सुरू झाली, जायंट १९४८ ला. दोन्ही २००३-०४ मध्ये मिटल्या. तोवर हिरे आलेले असल्यामुळे गाव वाचलं, पाइन पॉइंट झालं नाही. हे शहाणपण नव्हतं, योगायोग होता. पण सोनं गेलं तरी मागे काय राहिलं? जायंटच्या दगडातून सोनं काढण्यासाठी तो भाजावा लागायचा आणि त्या धुरातून आर्सेनिक ट्रायॉक्साइडची पूड निघायची. अशी २ लाख ३७ हजार टन विषारी पूड आज गावाच्या वेशीवर जमिनीखालच्या पोकळ्यांमध्ये पडून आहे. शेवटची मोठी मालक कंपनी १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि सगळं ओझं सरकारवर, म्हणजे करदात्यांवर आलं. ती पूड काढून न्यायची तर धोका जास्त, म्हणून आजूबाजूचा खडक गोठवून ती कायमची बर्फात बंदिस्त ठेवायची असं ठरलं. 'कायमची' हा शब्द मी सहज लिहिला, पण त्याचा अर्थ कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या त्या गोठवण्याच्या यंत्रणेवर लक्ष ठेवत बसायचं असा आहे. सगळ्या सफाईचा अंदाज ४३८ कोटी डॉलर. गंमत बघा, आज गावातल्या मोठ्या कामांमध्ये ही सफाईच मोजली जाते. सोन्याने जेवढी वर्षं पोट भरलं, त्याहून जास्त वर्षं त्याची घाण पोट भरणार. यलोनाइव्ह्ज डेने या मूळनिवासी समाजाला मात्र यात गंमत दिसत नाही. त्यांची मासेमारीची, बेरी वेचायची, पाणी भरायची जागा हीच होती.

हिऱ्यांच्या वेळी शहाणपण थोडं जास्त दाखवलं, हे मान्य करायला हवं. १९९१ मध्ये चार्ल्स फिपके आणि स्ट्युअर्ट ब्लसन या दोघा भूशास्त्रज्ञांना लाक द ग्रा सरोवराजवळ हिरे सापडले आणि काही वर्षांत कॅनडा किमतीच्या हिशेबाने जगातल्या आघाडीच्या हिरे उत्पादकांमध्ये जाऊन बसला. यावेळी खाण सुरू करण्याआधीच ती बंद करण्याच्या खर्चाची हमी घेतली गेली. मूळनिवासी समाजांशी लेखी करार झाले. नोकऱ्यांमध्ये, कंत्राटांमध्ये त्यांचा वाटा ठरला. जायंटच्या काळात यातलं काहीच नव्हतं.

पण पैसा कुठे गेला? डायाविक यलोनाइफच्या ईशान्येला ३०० किलोमीटरवर, एका सरोवरातल्या बेटावर आहे. बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून सुमारे ४०० किलोमीटरचा बर्फाचा रस्ता तयार करतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या साधारण आठ आठवड्यांत वर्षभराचं डिझेल, सिमेंट, टायर सगळं ट्रकने पोचवायचं. २००६ मध्ये हिवाळा ऊबदार गेला, रस्ता लवकर बंद पडला आणि उरलेलं सामान विमानाने न्यावं लागलं. त्या वर्षाचे आकडे जुने सहकारी अजून डोक्याला हात लावून सांगतात. माणसंही विमानानेच जातात, दोन आठवडे काम आणि दोन आठवडे सुट्टी. आणि इथेच मेख आहे. विमान यलोनाइफहून सुटतं तसं एडमंटनहूनही सुटतं. कामगारांचा मोठा भाग दक्षिणेत राहतो. कॅनडात आयकराचा प्रांतिक हिस्सा तुम्ही ३१ डिसेंबरला जिथले रहिवासी असता तिथे जातो. म्हणजे घाम आमच्या टुंड्रात आणि कर अल्बर्टात. हे गळणारं भांडं थोडं तरी लिंपावं म्हणून इथल्या सरकारने १९९३ पासून पगारावर वेगळा कर लावला, तो आज २ टक्के आहे. ठिगळच ते.

रॉयल्टीचं तर विचारूच नका. जमीन आणि खनिजांचा कारभार १ एप्रिल २०१४ ला ओटावाकडून इथे आला. तोवर एकाटी सोळा वर्षांची झाली होती. तेव्हापासूनही रॉयल्टीतला निम्माच वाटा इथे राहतो, त्यालाही वरची मर्यादा आहे आणि त्यातून पुन्हा मूळनिवासी सरकारांचा हिस्सा जातो, जो जायलाच हवा. भावी पिढ्यांसाठी म्हणून हेरिटेज फंड २०१२ मध्ये काढला. आज त्यात जे साठलंय ते सरकारच्या एका वर्षाच्या खर्चापुढे चिल्लर आहे.

शेजारच्या अलास्काने काय केलं बघा. तेल वाहायला लागण्याच्या आधी, १९७६ मध्येच, त्यांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून ठेवली की खनिजाच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग कायमच्या निधीत जाईल आणि त्याच्या मुद्दलाला हात लागणार नाही. १९८२ पासून त्या निधीच्या कमाईतून प्रत्येक रहिवाशाला दरवर्षी चेक जातो. तो चेक ही चांगली कल्पना होती का, यावर माझं मत तितकंसं अनुकूल नाही. दरवर्षी निवडणूक त्या चेकच्या आकड्याभोवती फिरते आणि शाळा-रस्ते मागे पडतात. पण मुद्दल तर शिल्लक आहे! नॉर्वेने १९९० मध्ये कायदा केला आणि तेल कंपन्यांवर ७८ टक्क्यांपर्यंत कर लावून आज जगातला सगळ्यात मोठा सरकारी निधी उभा केला. कुणी म्हणेल, नॉर्वे सार्वभौम देश, अलास्का पूर्ण राज्य, आपण टेरिटरी, आपल्या हातात होतंच काय? हे खरं आहे. म्हणून माझा राग इथल्या मंत्र्यांपेक्षा ओटावावर जास्त आहे. पण २०१४ नंतरच्या वर्षांना ते उत्तर पुरत नाही.

आता आपल्या माणसांचा संबंध येतो तो भाग. इथल्या सरकारने एक प्रामाणिक प्रयत्न केला होता. हिरा नुसता खणून का पाठवायचा, पैलूही इथेच पाडू. खाणींना उत्पादनाचा काही हिस्सा स्थानिक कारखान्यांसाठी ठेवायला लावला. १९९९ पासून एकामागून एक पैलू पाडायचे कारखाने उघडले, सरकारने कर्जाला हमी दिली, ध्रुवीय अस्वलाची खूण असलेले हिरे विकायला आले. आमच्या गाड्यांची नंबरप्लेटही अस्वलाच्या आकाराची असते, त्यामुळे ती खूण इथे सगळ्यांना घरची वाटायची. दहा वर्षांत बहुतेक कारखाने मिटले. कारण सुरत. जगातल्या दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत घासले जातात असं म्हणतात. पिढीजात हात, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत फिरणारी उधारी, मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलातला बाजार, हे सगळं एकमेकांत विणलेलं आहे. उणे ४० अंशांत, घरभाडं आणि वीज दोन्ही महाग असलेल्या गावात तुम्ही ते कसं उभं करणार? अनुदान असेपर्यंत उभं राहिलं, पुढे नाही.

त्याच सुरतेने आता दुसरा धक्का दिलाय, लॅब-ग्रोन हिऱ्यांचा. मागच्या दिवाळीत पुण्याच्या भाचीने व्हिडिओ कॉलवर साखरपुड्याची अंगठी दाखवली. 'मामा, लॅब-ग्रोन आहे, एवढ्या पैशांत केवढा मोठा आला बघ!' खडा सुंदर होता. मीही तोंड भरून कौतुक केलं, कारण तिचं बरोबरच आहे. तोच कार्बन, तीच चमक, खाणीतल्या हिऱ्याच्या किमतीचा लहानसा अंश. पण तिच्यासारख्या लाखो मुलींनी, आणि त्याहून जास्त अमेरिकेतल्या जोडप्यांनी, हाच हिशेब केल्यामुळे एकाटीतल्या हिऱ्याला भाव उरला नाही. नैसर्गिक हिऱ्याचे दर पडण्याचं हे एकमेव कारण नाही, चीनमधली मागणीही आटली. तरी इथल्या चहाच्या टेबलावर कुणी 'तुमच्या इंडियाने आम्हाला बुडवलं' असं हसत हसत म्हणतं तेव्हा मी त्याला सांगतो, सुरतेत जुन्या घंटीवर बसणारे कारागीरही याच लाटेत बेकार झालेत. एकाच मालावर जगणाऱ्या दोन टोकांना एकाच वेळी चटका बसलाय.

मग पुढे काय? सरकारी सादरीकरणांत तीन शब्द सारखे येतात: पर्यटन, दुर्मिळ खनिजं, रस्ते.

पर्यटन म्हणजे मुख्यतः ध्रुवीय प्रकाश. जपान, चीन, कोरियाहून लोक फक्त ते हिरवं आकाश बघायला येतात आणि ते बघण्यासारखं आहेच. भारतातून कुणी आलं तर मीही आधी तिथेच नेतो. पण त्यावर अर्थव्यवस्था? २०२० मध्ये कोविडमुळे प्रदेशाच्या सीमा बंद झाल्या आणि धंदा शून्यावर आला. सावरतोय तोच १६ ऑगस्ट २०२३ ला वणव्यामुळे अख्खं यलोनाइफ रिकामं करण्याचा हुकूम निघाला. वीस हजार लोक गाड्यांतून आणि विमानांतून बाहेर पडले, परत यायला तीन आठवडे लागले. पर्यटनातल्या नोकऱ्या मोसमी आणि पगार खाणीपुढे फारच कमी. ट्रकचालकाला किंवा वेल्डरला तुम्ही 'आता पर्यटकांना गरम चॉकलेट वाटा' असं सांगू शकत नाही.

दुर्मिळ खनिजांचं म्हणाल तर नेचालाचो इथे २०२१ मध्ये खणायला सुरुवातही झाली, कॅनडातली त्या प्रकारची पहिली खाण म्हणून. पुढची प्रक्रिया मात्र दक्षिणेत, सस्कॅचेवानमध्ये. म्हणजे पुन्हा तेच, माती आमची आणि मलई दुसऱ्याची. खाण नकोच असं मी म्हणत नाही, माझा पगार त्यातूनच येतो. पण एका खाणीनंतर दुसरी खाण याला वैविध्य म्हणू नका, एवढंच. आणि ज्या बर्फाच्या रस्त्याचा खर्च तीन खाणी मिळून उचलायच्या, तो आता कमी खांद्यांवर येणार, हाही हिशेब कुणीतरी करायला हवा.

मला आशा वाटते ती थोड्या वेगळ्या ठिकाणी. पहिलं म्हणजे मूळनिवासी समाजांच्या कंपन्या. खाणींच्या करारांमुळे यलोनाइव्ह्ज डेने आणि त्लिचो समाजांनी गेल्या पंचवीस वर्षांत स्वतःचे उद्योग उभे केले: बांधकाम, वाहतूक, कॅम्पमधलं जेवण, विमानसेवा, पर्यावरणाची तपासणी. त्लिचोंना तर २००५ पासून स्वतःचं सरकार आणि स्वतःची जमीन आहे. मी कागदावर बघतो तेव्हा फरक स्पष्ट दिसतो. बाहेरच्या कंपनीचा नफा तिमाही संपली की निघून जातो. यांचा नफा इथेच फिरतो, कारण यांना दुसरीकडे जायचंच नाही. खाणी गेल्या तरी हे कौशल्य राहील. जायंटसारख्या सफाईचं काम जगभर वाढणार आहे, तेही या कंपन्यांना येतं.

दुसरं, इनुविक. आर्क्टिक वर्तुळाच्या वरचं हे तीन-साडेतीन हजारांचं गाव. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह त्याच्यावरून दिवसातून अनेकदा जातात, म्हणून तिथे परदेशी अंतराळ संस्थांच्या मोठ्या अँटेना उभ्या आहेत. २०१७ मध्ये फायबरची लाइन पोचली आणि त्यांचं काम सोपं झालं. हजारो नोकऱ्या नाहीत त्यात, पण गाव ज्या अक्षांशावर आहे तो काही संपणार नाही.

आणि तिसरं शिक्षण, जिथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. नॉर्वेने तेलाचा पैसा यायच्या आधीच, १९७२ मध्ये, ट्रॉम्सोत विद्यापीठ सुरू केलं. आज ते शहर मासळीबरोबरच डॉक्टर, संशोधक आणि विद्यार्थ्यांवर चालतं. आमच्याकडे अरोरा कॉलेजचं पॉलिटेक्निक विद्यापीठ करायचं, असं कित्येक वर्षं चाललंय. २०२५ मध्ये तर कॉलेजने लहान वस्त्यांमधली शिक्षणकेंद्रंच बंद करायचा निर्णय घेतला. खाणीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला नवं काही शिकायची गरज पडणार, नेमक्या त्याच वेळी! पैसे नाहीत हे कारण समजतं, वेळ कशी निवडली ते समजत नाही.

राहिला आपला, म्हणजे इथल्या मोजक्या मराठी घरांचा प्रश्न. आपल्यातले बरेच जण इथे कायमच्या वास्तव्याचे कागद लवकर मिळतात म्हणून येतात, दोन-तीन वर्षं काढतात आणि कॅलगरीला किंवा टोरांटोला जातात. यात चूक काही नाही, मुलांचं शिक्षण, आईवडिलांचं येणं-जाणं, थंडी, सगळं समजतं. पण एवढं म्हणतो की विमानाने येऊन-जाऊन काम करणाऱ्या कामगाराला आपण नावं ठेवतो, तेव्हा आपलंही फार वेगळं नाही. ज्या प्रदेशात प्रत्येक जण पुढच्या गाडीची वाट बघत उभा असतो, तिथे दवाखान्यात नर्स टिकत नाही आणि शाळेत शिक्षक टिकत नाही. नवे उद्योग मग कुणाच्या जोरावर येणार?

आम्ही तूर्त राहतोय. बायको इथल्या शाळेत शिकवते, तिचं काम खाणीवर अवलंबून नाही. माझं आहे, आणि ते दोन वर्षांनी असेल का, ते आज सांगता येत नाही. म्हणून नागपूरच्या काकांना आणि दुबईच्या मित्राला माझं उत्तर 'परत येतोय' हे नाही, आणि 'सगळं छान आहे' हेही नाही.

पुढची प्रादेशिक निवडणूक २०२७ च्या ऑक्टोबरमध्ये आहे. इथे पक्ष नसतात, १९ आमदार स्वतंत्रपणे निवडून येतात आणि मग आपापसांत मुख्यमंत्री ठरवतात. आपल्याकडच्या मंडळींना हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही. मतदारसंघ इतके लहान की उमेदवार दारात येतोच. ज्यांना नागरिकत्व मिळालंय त्यांनी मतदार यादीत नाव आहे की नाही ते आत्ताच बघून ठेवा. माझ्या दारात येईल त्याला मी आत बोलावून चहा देणार आहे आणि दोन गोष्टी विचारणार आहे: हेरिटेज फंडात दरवर्षी किती टाकणार, आणि बंद केलेली शिक्षणकेंद्रं कधी उघडणार.